फांदीवरचा महिना

(वर्धा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या ड्रॉइंग मास्तरांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे विद्यार्थी या सभागृहात पुष्कळ दिसताहेत. त्यामुळे एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही. नेचर ड्रॉइंगच्या पेपराला समोर बाटलीत कण्हेरीची नाहीतर जास्वंदीची फांदी खोचलेली असायची. देठाचा बाक, पानाची शीर, कळीचं तोंड कुठं वळलंय, सगळं बघून काढायचं. पक्षी यायचा तो मेमरी ड्रॉइंगच्या पेपरात. तो बहुधा पोपट असायचा आणि बहुधा पिंजऱ्यात असायचा. म्हणजे फूल बघून आणि पक्षी आठवून, अशी आपल्याकडं वाटणीच झालेली होती. जपानी चित्रकारांनी शेकडो वर्षं हाताळलेल्या ज्या प्रकारावर मी आज बोलणार आहे, त्यात बघणं आणि आठवणं ही दोन्ही कामं एकाच कागदावर करावी लागतात.

या प्रकाराला तिकडं 'काचो-गा' म्हणतात, म्हणजे फुला-पक्ष्यांची चित्रं. मूळ चीनचं. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला गादीवर असलेला सोंग घराण्याचा ह्वेइझोंग हा सम्राट स्वतः असली चित्रं काढायचा. राज्य घालवलं, पण पक्षी उत्तम काढले. जपाननं ही विद्या घेतली आणि तिला आपलं पंचांग जोडलं. माझ्या मते या कलेचं सगळं मर्म त्या जोडणीत आहे. जपानी चित्रात फांदीवर पक्षी बसला की महिना ठरतो, पुष्कळदा दिवसाची वेळसुद्धा ठरते. बघणारा 'हा कोणता पक्षी' असं विचारतच नाही. तो म्हणतो, 'अच्छा, म्हणजे माघ सरत आला.'

हे पंचांग चित्रकारांनी नाही, कवींनी लावून दिलं. फुजिवारा नो तेइका या कवीनं १२१४ साली बारा महिन्यांची बारा फुलं आणि बारा पक्षी घेऊन कविता केल्या. पहिल्या महिन्यात विलोची डहाळी आणि उगुइसु नावाचा गाणारा छोटा पक्षी. आठव्या महिन्यात हागी नावाचं रानफूल आणि उत्तरेकडून येणाऱ्या हंसांची पहिली रांग. नवव्यात गवताचे तुरे आणि लावा. दहाव्यात उशिराची शेवंती आणि क्रौंच. पुढं जवळजवळ पाचशे वर्षांनी, १७०२ साली, ओगाता केन्झान या क्योतोच्या कुंभारानं याच कवितांवर बारा चौकोनी थाळ्या घडवल्या: वरच्या अंगाला चित्र, पाठीमागं कविता. खाणं संपवून थाळी उलटी केली तरच कविता वाचता येणार. असला चावटपणा मला फार आवडतो.

मग हे पंचांग दरबारातून बाजारात उतरलं. 'हानाफुदा' नावाचा पत्त्यांचा डाव आहे. महिने बारा, प्रत्येक महिन्याची चार पानं, एकूण अठ्ठेचाळीस. जानेवारीला पाइन आणि क्रौंच, फेब्रुवारीला प्लमचा मोहोर आणि उगुइसु, एप्रिलला विस्टेरियाचे घोस आणि एक कोकिळकुळातला पक्षी, ऑगस्टला गवताळ टेकडीवरचा चंद्र आणि उडणारे हंस. लोक यावर पैसे लावून खेळत, आणि सरकार अधूनमधून बंदी घालत असे. १८८९ साली क्योतोत एका माणसानं हे पत्ते बनवायचं दुकान काढलं. त्या दुकानाचं नाव निन्तेन्दो. आपली नातवंडं ज्या कंपनीचे व्हिडिओ गेम खेळतात, ती सुरुवातीला फुलं-पक्षी छापत होती. म्हणजे जो माणूस कविता वाचत नव्हता त्यालासुद्धा कोणत्या फुलाला कोणता पक्षी हे जुगारामुळं पाठ होतं. लोकशिक्षणाचा हा मार्ग गांधीजींच्या सेवाग्रामला मंजूर झाला नसता, ही गोष्ट वेगळी.

अशा जोड्या ठरून गेल्या की त्यांचा एक धोकाही असतो. आपल्याकडं चातक, चकोर, कमळात अडकलेला भुंगा यांचं काय झालं ते आठवा. चकोर न बघितलेल्या माणसांनी चकोर न बघितलेल्या माणसांसाठी शतकानुशतकं चकोर लिहिला. जपानातही तेच झालं. कानो घराण्याच्या चित्रशाळेनं चारशे वर्षं सरदारांच्या महालांत पडदे रंगवले. तिथं शिष्यानं आधी गुरूच्या वह्या गिरवायच्या. सुरुवातीच्या पिढ्यांचा कस फार मोठा आहे. कानो एइतोकूनं तिशीच्या आत क्योतोच्या एका मठात चार ऋतूंचे जे पडदे रंगवले, ते आजही बघणाऱ्याला गप्प करतात. पण वहीवरून वही आणि तिच्यावरून आणखी वही निघाली की क्रौंच शेवटी सुरईसारखा दिसायला लागतो.

त्यातून सुटका केली ती एका भाजीवाल्याच्या मुलानं. इतो जाकुचू, जन्म १७१६, क्योतोच्या निशिकी बाजारात घरची भाजीची मोठी अडत. चाळिशीत दुकान धाकट्या भावाच्या हवाली केलं आणि चित्र काढत बसला. आधी त्यानंही जुन्या चिनी चित्रांच्या नकला केल्या. मग अंगणात कोंबड्या सोडल्या, बऱ्याच, आणि त्यांच्याकडं बघत राहिला. पुढच्या साधारण दहा वर्षांत त्यानं रेशमावर तीस लांब चित्रपट रंगवले आणि ते शोकोकुजी या मठाला दिले. ती चित्रं पुढं सम्राटांच्या संग्रहात गेली. रेशीम पातळ असतं म्हणून तो कापडाच्या पाठीमागूनही रंग देत असे, म्हणजे पुढून बघताना पांढरं पीस आतून उजळल्यासारखं दिसतं. त्याच्या कोंबड्याचा तुरा, पायाचे खवले, शेपटीचं एकेक वळण बघा: हा कोंबडा कोणत्याही वहीत नव्हता. याच जाकुचूनं बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचं एक चित्र काढलंय. त्यात मधोमध दोन फाट्यांचा मुळा आडवा झालाय आणि भोवती वांगी, भोपळे, सलगम शोक करताहेत. थट्टा आहे आणि भक्तीही आहे. भाजीबाजारात वाढलेल्या माणसालाच ते जमावं.

मोराची गोष्ट तर आपल्याच घरची. मोर जपानचा नाही. तो जहाजातून जायचा, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीला ओसाका, क्योतो अशा शहरांत 'मोर चहागृहं' निघाली होती. पैसे द्या, चहा प्या, मोर बघा. मारुयामा ओक्यो या चित्रकारानं मोर बारकाईनं अभ्यासले. त्याच्या मरणाच्या वर्षी, १७९५ साली, त्यानं दाइजोजी नावाच्या मठासाठी सोनेरी वर्खावर नुसत्या काळ्या शाईनं पाइन आणि मोर रंगवले. रंग एकही नाही, आणि तरी पिसारा निळा-हिरवा भासतो. समुद्रपूरच्या एखाद्या शेतकऱ्याला सांगितलं की तिकडं लोक चहाचे पैसे मोजून मोर बघायचे, तर तो म्हणेल, 'साहेब, आमच्या हरभऱ्यात या, फुकट दाखवतो.'

आता एक चित्र जरा जवळून बघू. काचो-गा म्हटल्यावर आज बहुतेकांच्या डोळ्यांपुढं लाकडी ठशांची छापील चित्रं येतात. १८३४ च्या सुमाराची होकुसाई या चित्रकाराची एक लहानशी छपाई आहे. वरून झुकणाऱ्या चेरीची एक डहाळी खाली लोंबते आणि तिला एक पक्षी डोकं खाली करून लटकलाय. बस्स. मागं सगळी गडद निळाई. हा निळा रंग जपानचा नव्हे. तो बर्लिनमध्ये शोधलेला रासायनिक निळा, व्यापारी जहाजांतून आलेला, आणि १८३० नंतर स्वस्त झालेला. त्याआधीचे वनस्पतिज निळे रंग उजेडात फिके पडायचे. हा टिकला, आणि त्याच्या बळावर होकुसाई-हिरोशिगे या चित्रकारांनी आभाळ, पाणी आणि पहाट यांची चंगळ केली. ज्याला आपण अस्सल जपानी निळा म्हणून मिरवतो तो मूळचा जर्मन. कलेत 'स्वदेशी' हा शब्द जपून वापरावा, एवढंच या गावात मी नम्रपणे म्हणतो.

या छपाईत माणसं चार. प्रकाशक पैसा घालतो, चित्रकार पातळ कागदावर रेघ काढून देतो, कोरणारा तो कागद डोंगरी चेरीच्या फळीवर उलटा चिकटवून रेघेभोवतीचं लाकूड काढतो आणि छापणारा प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी घेऊन तोच कागद पुन्हा पुन्हा बसवतो. दाब यंत्राचा नाही, हाताचा. बांबूच्या सालीत गुंडाळलेली एक चपटी गादी असते, 'बारेन', ती कागदाच्या पाठीवर गोल फिरवायची. फळीवर रंग ओलसर पुसून घेतला की गडदातून फिक्यात जाणारी छटा येते. आणि यातला माझ्या आवडीचा प्रकार म्हणजे 'कराझुरी', म्हणजे रंगच न लावता केलेली छपाई. पांढरा बगळा काढायचाय, कागदही पांढरा. मग पिसं कशी दाखवणार? फळीवर पिसं कोरायची, रंग लावायचा नाही, आणि ओला कागद नुसता दाबायचा. पिसं कागदात उठतात. समोरून बघाल तर बगळा कोरा. कागद उजेडाला तिरपा धरलात की एकेक पीस दिसतं. पुस्तकातल्या फोटोत हे कधीच येत नाही, आणि मोबाइलवर तर नाहीच नाही.

हे समजून घ्यायला मी तुम्हाला क्योतोला पाठवत नाही, आठ किलोमीटरवर सेवाग्रामला पाठवतो. गांधीजींच्या बापूकुटीत त्यांच्या शिष्या मीराबहननं भिंतीच्या मातीतच ताडाची झाडं उठवली आहेत. वेगळा रंग नाही. जी भिंत तेच झाड. सकाळी उजेड कलता असताना ती स्पष्ट दिसतात, दुपारी भिंतीत बुडतात. मीराबहननं जपानी छपाई समोर ठेवून ते केलं असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला आधार नाही. पण कमी साधनांत काम करणारे हात जगात कुठेही असले तरी उजेडाला कामाला लावतात. आणि भिंतीचा बाकीचा भाग मोकळा सोडायचं धाडस! आपल्याकडच्या लग्नाच्या मांडवात एक हात जागा रिकामी राहिली तर डेकोरेटरचे पैसे कापतात.

जपान आणि वर्धा यांचा पहिला संबंध मात्र कलेचा नव्हता, रुईचा होता. हिंगणघाटच्या कापसाचं नाव गेल्याच्या गेल्या शतकात दूरवर झालं होतं. वऱ्हाडाचा कापूस 'उमरा' या अमरावतीवरून पडलेल्या नावानं बाजारात चाले. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या पुढाकारानं मुंबई ते कोबे अशी जपानी कंपनीची थेट बोट सुरू झाली, कारण ओसाकाच्या गिरण्यांना भारतीय रुई हवी होती. रुई गेली, आणि परतीच्या बोटींतून काय आलं? चिनी मातीची भांडी, रेशीम आणि काड्यापेट्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात आपल्याकडं येणाऱ्या आगकाड्यांत जपानी मालाचा मोठा वाटा होता. त्यांच्या छाप्यांवर मोर, पोपट, हत्ती आणि आपले देव असत. उच्चभ्रूंसाठी म्हणाल तर सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांनी जमवलेल्या पौर्वात्य वस्तू मुंबईच्या आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. जपानी लाखकाम आणि मीनाकाम बघायचं तर तिथं जा. पण सर्वसामान्य मराठी घरात जपानी चित्र पहिल्यांदा शिरलं ते चुलीजवळच्या कोनाड्यात, असं मी समजतो.

कला म्हणून ते इथं आलं ते फेऱ्यानं, बंगालमार्गे. १९०२ साली ओकाकुरा काकुझो हे विद्वान कलकत्त्याला आले. पुढच्याच वर्षी त्यांच्या परिवारातले दोन तरुण चित्रकार आले, योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो. ताइकानला काम करताना बघून अवनींद्रनाथ ठाकुरांनी ओल्या कुंचल्यानं रंग पसरवायची, धुवायची 'वॉश' पद्धत उचलली. १९१६ साली रवींद्रनाथ जपानला गेले. तिथं शिमोमुरा कान्झानचं एक मोठं चित्र त्यांनी बघितलं: मोहरलेल्या प्लमखाली हात जोडून मावळत्या सूर्याकडं तोंड केलेला आंधळा मुलगा. त्याची नक्कल करून घेण्यासाठी आराई काम्पो या चित्रकाराला नेमलं, आणि मग त्यालाच कलकत्त्याला शिकवायला बोलावलं. हा आराई काम्पो पुढं आपल्या अजिंठ्याला आला आणि लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत बसला. मूळ अजिंठ्यात फुलं-पक्षी कमी नाहीत. दोन नंबरच्या लेण्यात छतावर हंसांची गोल रांग आहे, एकाची मान दुसऱ्यासारखी नाही. काचो-गा हा शब्द ज्यांना ठाऊक नव्हता अशा माणसांनी ते हंस काढले, आणि जपानी माणूस ते उतरवून घ्यायला इतक्या लांब आला.

अवनींद्रनाथांचे शिष्य नंदलाल बोस. त्यांनी तरुणपणी अजिंठ्यात नकला केलेल्या, १९२४ साली रवींद्रनाथांबरोबर चीन-जपान बघितलेलं. गांधीजींनी त्यांना काँग्रेसच्या कामाला जुंपलं. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला पहिलं खेड्यातलं अधिवेशन भरलं, ते बांबू आणि गावच्या वस्तूंनी सजवलं ते याच नंदलालांनी. शांतिनिकेतनच्या कलाभवनात त्यांची शिस्त अशी की झाड काढायचं तर आधी त्याची वाढ कशी होते ते बघ. खिशात कोरी पोस्टकार्डं ठेवत आणि दिसेल ते शाईनं टिपून मित्रांना, शिष्यांना पाठवून देत. त्यांचे शिष्य आणि सहकारी विनोदबिहारी मुखर्जी १९३७-३८ मध्ये जपानला जाऊन आले. दृष्टी जन्मापासून अधू, तरी १९४० मध्ये कलाभवनाच्या वसतिगृहाचं सगळं छत त्यांनी वीरभूमच्या तळी, झाडं, माणसं, जनावरांनी भरून टाकलं.

त्या वर्षांत कलाभवनात देवीप्रसाद नावाचा विद्यार्थी होता. १९४४ मध्ये शिक्षण संपवून तो सेवाग्रामला आला. तिथल्या शिक्षणाचं काम बघणाऱ्या तालीमी संघाच्या आशादेवी आणि आर्यनायकम् हे दोघंही शांतिनिकेतनातूनच आलेले. देवीप्रसादांनी १९६२ पर्यंत गांधीजींच्या 'नई तालीम' या शिक्षणपद्धतीतल्या मुलांना चित्रकला शिकवली आणि तिथंच कुंभारकामही केलं. चरखा, शेती, सफाई यांच्या त्या वेळापत्रकात चित्रकलेला जागा कशाला, असा प्रश्न तेव्हाही विचारणारे होते. मुलांना मोठ्यांच्या चित्रांची नक्कल करायला लावू नका, हा त्यांचा आग्रह होता. कला हाच शिक्षणाचा पाया, असं सांगणारं त्यांचं पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टनं काढलंय. शिक्षकांनी ते वाचावं. ज्यांनी वाचलंय त्यांनी शाळेच्या भिंतीवरचे मिकी माउस पुसावेत. सांगायचा मुद्दा हा, की ताइकान, अवनींद्रनाथ, नंदलाल, देवीप्रसाद अशी शिक्षकांची सरळ रांग लागते आणि ती आपल्या जिल्ह्यातल्या एका शाळेत येऊन थांबते. तोवर रेशीम, सोनेरी वर्ख, वॉश सगळं गळून गेलेलं असतं. उरतं ते एवढंच की बाहेर जा, बघ, मग काढ.

गोपुरीजवळचा विश्वशांती स्तूप आणि फुजी गुरुजी यांच्याबद्दल मी बोलेन अशी काहींची अपेक्षा असेल. निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्षू १९३३ साली वर्ध्यातच गांधीजींना भेटले, आणि फुजींच्या पंथाचा, कमळाचं नाव घेणारा मंत्र सेवाग्रामच्या प्रार्थनेत आजही म्हटला जातो. तो धर्माचा आणि शांतिकार्याचा संबंध आहे. त्याला ओढूनताणून चित्रकलेत आणणं बरोबर नाही.

आता उरलेल्या वेळात एक काम सुचवतो. वर्धा जिल्ह्याचे बारा महिन्यांचे पत्ते करू या. शाळांनी करावेत, मुलांनी बघून काढावेत. काही पानं मी लावून आणली आहेत, भांडायला मोकळीक आहे.

फाल्गुनाचं पान उघड आहे: पळस आणि भोरड्या. मध्य आशियातून हिवाळ्याला येतात, ज्वारीवर तुटून पडतात आणि जाण्याआधी पळसाच्या फुलांतला रस पितात. पळसाचं फूल बघा, चोचीसाठीच घडल्यासारखा बाक आहे. भोरडीच्या कपाळावर पराग लागलेला दिसेपर्यंत दुर्बीण खाली ठेवायची नाही. ज्येष्ठाला पावशा ठेवला आहे, पण त्याच्याबरोबर गुलमोहर नको. गुलमोहर मादागास्करचा, निदान या डावात घरची मंडळी असू द्या. ज्येष्ठाला फूल नसलं तरी चालेल, नांगरटीची काळी ढेकळं पुरेत. आश्विनाला नीलकंठ. दसऱ्याला तो दिसावा म्हणून आपण शिवारात जातो, म्हणजे पक्ष्याला तिथी जोडायची जपानी खोड आपल्यालाही आहेच. पण तो तारेवर बसलेला काढू नका, उडताना काढा. बसलेला नीलकंठ मातकट दिसतो, पंख उघडले की निळ्याचे दोन पट्टे फाकतात.

भाद्रपदाचं पान मात्र मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: कपाशीचं फूल आणि कोतवाल. विदर्भात एवढी कपाशी, आणि तिच्या फुलाचं चांगलं चित्र मला शोधूनही सापडत नाही. सगळे बोंडच काढतात, कारण पैसा बोंडात. फूल सकाळी उमलतं तेव्हा दुधट पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं. एकाच झाडावर दोन्ही रंग सापडतात, म्हणजे कालचं आणि आजचं एकाच फांदीवर. होकुसाईनं ही संधी सोडली नसती. आणि कोतवाल तिथं असतोच, अळ्या टिपायला. शेतकी खात्याचे लोक कपाशीत पक्षीथांबे लावा म्हणून सांगतात, ते याच्यासाठीच. मुलांनी पक्षीथांब्याची ती वाकडीतिकडी काठीसुद्धा काढावी. जपानी चित्रकारानं ती आधी काढली असती.

वैशाखावर अडचण आहे. फूल बहावा, त्यात वाद नाही. आर्वी रोडनं जाताना पिवळे झुंबर लोंबलेले दिसतात. पण बहाव्याला हक्काचा पक्षी नाही, त्याच्याकडं येतात ते मोठे काळे भुंगे. यावर तोड निघते. हानाफुदात जूनच्या पानावर पिओनीच्या फुलासोबत पक्षी नाहीच, फुलपाखरं आहेत. तेव्हा भुंगा नियमात बसतो. कार्तिकाला मी धाम नदीवर येणारा चक्रवाक धरला होता, पण पवनारच्या एका मित्राचं म्हणणं की तो पौषात जास्त शोभतो, कार्तिकाला ज्वारीच्या कणसावरची सुगरण घ्या. माझं मन अजून चक्रवाकाकडं आहे. पौष आणि माघ हे दोन महिने मी मोकळेच सोडले आहेत. आता ध्वनिक्षेपक श्रोत्यांकडं द्यावा, आणि ज्यांच्याकडं या दोन महिन्यांसाठी फूल किंवा पक्षी असेल त्यांनी हात वर करावा.